हिरडीच्या रंगाचा चमचा

रविवारी दुपारी थोरला बायकोला घेऊन आला, हात धुऊन टेबलाच्या डोक्याशी बसला, आणि ड्रायव्हरणीनं ओळखलं की आज जेवण नुसतं निमित्ताला आहे. आज ताटात वाढून घेणार आहेत ते आपल्यालाच.

धाकट्या सुनेला त्या घरात ड्रायव्हरीण म्हणत. ती शहराची बस चालवायची, म्हणून. नाव थोरल्या दिरानंच ठेवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या भांडणात, टोचावं म्हणून. तिनं ते असं उचललं की दुसऱ्या दिवसापासून फोनवरही 'ड्रायव्हरीण बोलतेय' असंच सांगायला लागली. टोचणाऱ्याची सुई बोथट करायची तिची ही पद्धत. पण आज सुई नव्हती, दाभण होता.

बाळ सात महिन्यांचं झालं तरी खात नव्हतं. गुंडी म्हणत तिला, शर्टाच्या गुंडीसारखे वाटोळे डोळे होते म्हणून. अंगावर पीत होती, हसत होती, पालथी पडून खुर्चीचे पाय चाटत होती. पण चमचा समोर आला की ओठ शिवल्यासारखे मिटायचे, मान उलटी फिरायची, आणि जबरदस्तीनं आत ढकललेलं सगळं हनुवटीवरून परत यायचं. दवाखान्यातल्या बाईंनी काट्याकडे बघून सांगितलं होतं, वजन अडकलंय, आता वरचं खायलाच हवं. आणि डेपोतल्या साहेबांनी सांगितलं होतं, रजा वाढणार नाही, सोमवारी हजर झाली नाहीस तर तुझी गाडी दुसऱ्याला. त्या गाडीसाठी तिनं कितीतरी दिवस दुसऱ्यांच्या सुट्ट्यांवर, दुसऱ्यांच्या नको असलेल्या फेऱ्या मारल्या होत्या. आता बाळानं खाल्लं तर गाडी, नाही तर घर. इतकं साधं होतं ते.

आणि घर म्हणजे तरी काय? अर्धं घर, अर्धा कारखाना. सासरे कवळ्या करत. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे ठसे पाठवत आणि इथून दात तयार होऊन जात. सासऱ्यांच्या वडिलांनी मांडलेलं काम. आता सासरे आणि त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे ड्रायव्हरणीचा नवरा, त्या बाकावर बसत. बाकाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार होतं, ते तिनं कधी लागलेलं पाहिलं नव्हतं. घासकामाची धूळ, पावडर, पातळ रसायनाचा उग्र वास, सगळं त्या दारातून येऊन साखरेच्या डब्यापर्यंत पोचायचं. नवी होती तेव्हा तिचं डोकं सतत ठणकायचं. "सवय होते," सासूबाई म्हणाल्या होत्या. झाली. माणसाला कशाचीही सवय होते, ह्यात कौतुक करण्यासारखं काय असतं देव जाणे.

ह्या घराचा आणखी एक नियम होता. एकाच्या तोंडाला लागलेली वस्तू दुसऱ्याच्या तोंडाला लागायची नाही. जन्मभर परक्यांच्या तोंडांचे ठसे हाताळून सासऱ्यांनी तोंडाची अशी काही धास्ती घेतली होती की त्यांच्या मुलांनी लहानपणी भावाच्या पेल्यातून पाणी पिण्याची चोरी केली, मिठाईची नाही. बाळाच्या बाबतीत तर नियम आणखी कडक. बाळाचा चमचा बाळाचाच. घास गार झाला का ते बोटानं बघायचं, ओठ लावायचा नाही.

तो चमचा सासऱ्यांनीच केला होता. कवळीच्या मालाचा, हिरडीच्या रंगाचा, कडा इतक्या गोल घासलेल्या की बोट फिरवलं तर चमचा कुठं संपला ते कळू नये. एका डोळ्यानं दिसेनासं झाल्यापासून त्यांनी एकट्यानं पुरी केलेली ही पहिली वस्तू. ह्याच चमच्यानं, आजीच्याच हातून बाळाला भरवायचं, असं ठरलं. कुणी ठरवलं? ह्या घरात ठरतं. ठरवणारा कधी सापडत नाही.

"वजन किती?" थोरल्यानं विचारलं. तो दवाखान्यांना यंत्रं विकायचा आणि घरी आला तरी समोरच्याला गिऱ्हाईकच समजायचा.

"मागच्या वेळेएवढंच," धाकटा म्हणाला.

"मी तिला विचारलं."

"तिला म्हणजे मला," ड्रायव्हरीण म्हणाली. "मागच्या वेळेएवढंच, भाऊजी. एकाच बातमीला दोन तोंडं कशाला लागतात तुम्हाला?"

"अगं, काळजीनं विचारतायत ते." ही थोरली जाऊ. शाळेत गणित शिकवायची आणि घरातल्या प्रत्येक भांडणात सासूबाईंच्या बाजूनं बेरीज करायची.

"काळजीनं विचारायचं तर इथं शेजारी बसून विचारावं, ताई. साहेबासारखं समोर बसून काय विचारतात?"

सासरे कधी नव्हे ते खाकरले. म्हणजे पुरे. सगळ्यांनी पुरे केलं.

सासूबाई वाटी घेऊन आल्या. वाटीत बटाटा होता असं सांगावं लागलं असतं, नाहीतर कळलं नसतं. सोलून उकडलेला, कुस्करून गाळलेला, गाळून परत उकळलेला. त्या सगळंच असं मरेस्तोवर उकळत. भाजी, दूध, पाणी, फडकी. त्यांच्या हातून कच्चं काही सुटायचं नाही.

"अंगावरचं तोड तू," त्या बाळासमोर बसत म्हणाल्या. "पोट भरलेलं असल्यावर कोण खाईल? राहू दे एक दिवस उपाशी. कशी खात नाही बघते."

"आई, भूक असते तिला. वाटीकडे बघून हात टाकते. चमचा आला की तोंड फिरवते."

"म्हणजे माझ्या हाताला चव नाही, असं म्हण."

"मी असं म्हटलं का?"

"म्हटलं नाहीस. ऐकवलंस."

धाकट्यानं ताटात मान घातली. लग्नापूर्वी तिला त्याचा हा शांतपणा आवडला होता. आता तिला कळलं होतं की तो शांतपणा नव्हता, दोन आवाजांच्या मधे उभं राहायची जागा होती ती, लहानपणापासून झिजवून केलेली.

"मी सरळ बोलतो," थोरला म्हणाला. "पोर खात नाही, कारण आईचं मन घरात नाही. मुलांना ते कळतं. तू नोकरी सोड. वर्षभरानं बघू. नोकरी काय, परत मिळते."

"मग तुमची सोडा. परत मिळेल."

थोरलीला हसू आलं. तिनं ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं, पण ड्रायव्हरणीनं ते पाहिलं. रस्त्यावर डाव्या आरशात जे दिसतं ते कामाचं असतं, ही तिची सवय.

"बघ, बघ, कशी बोलते," सासूबाई म्हणाल्या, आणि राग कुणावर काढावा ते न कळून त्यांनी बाळाचे गाल दोन बोटांत धरले. ओठांचा चंबू झाला. "आ कर. आ कर म्हणते ना." चमचा आत गेला. बाळ आधी गप्प झालं, मग लाल झालं, आणि मग असं किंचाळलं की थोरल्याचा घास हातातच राहिला.

ड्रायव्हरणीनं चमचा हिसकावला. तिला भांडायचं होतं, पण बाळ तिच्याकडे बघत होतं, ओठ थरथरत, हनुवटीवर बटाटा. भांडण तिनं बाजूला ठेवलं. "थांबा, मी खाऊन दाखवते तिला. बघ हं गुंडे, आई खाते. अशी."

"तोंडाला लावू नको तो!" सासरे खुर्चीतून अर्धे उठले.

तोवर चमचा तिच्या तोंडात होता.

आधी बटाटा लागला. नुसता, मेलेला बटाटा. तो गिळून झाला आणि चमचा जिभेवर उरला. कडू म्हणावं तर कडू नाही, तिखट म्हणावं तर तिखट नाही. नखं रंगवायची बाटली कुणी जिभेवर उपडी करावी तसं काहीतरी टाळूपर्यंत चढलं, जिभेचं टोक बधिर झालं, डोळ्यांत पाणी आलं. कारखान्याचा वास ती रोज घेत होती, इतका की तो आता तिला वासच वाटत नव्हता. पण वास नाकाबाहेर असणं वेगळं आणि चवीनं जिभेवर बसणं वेगळं.

तिनं चमचा टेबलावर ठेवला. आवाज चढवायची गरज पडली नाही.

"हे माझ्या पोरीच्या तोंडात कोंबत होतो आपण?"

"काय झालं?"

"चाटून बघा. सगळ्यांनी बघा. आज नियम बंद."

धाकट्यानं आधी बापाकडे बघितलं, मग चमचा तोंडात घातला. बराच वेळ चोखला. "बटाट्याचा लागतो," तो चाचरत म्हणाला.

"धुऊन दे तरी," सासरे ओरडले. थोरली उठली, साबणानं चमचा धुऊन घेऊन आली, आणि मग त्या टेबलावर जे चाललं ते बाहेरच्या कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर सगळ्यांना वेड लागलंय असं समजून निघून गेला असता. एकानं चमचा चोखायचा, विचार केल्यासारखं छताकडे बघायचं, मान हलवायची. थोरलीनं उठून धुऊन आणायचा. पुढच्यानं चोखायचा. सासऱ्यांच्या टाळूवर त्यांनीच केलेली कवळी होती. तिच्यातून काय कळणार, ती पण त्याच मालाची! "साबण लागतोय," ते म्हणाले. थोरल्यानं दोनदा चाटून "जरासं औषधासारखं असेल, पण नसेलही" असा विक्रेत्याचा निकाल दिला. सासूबाईंनी चमचा ओठाला लावला न लावला आणि लगेच सांगितलं, "काही नाही. उगाच नाटकं हिची."

शेवटी थोरलीनं स्वतः घातला. घातला आणि दुसऱ्या क्षणी फडक्यात थुंकली.

"शी! आई, जहर आहे हो हे! माझी जीभ गेली."

सासूबाईंच्या बाजूनं बेरीज करणारी बाई पहिल्यांदा पलीकडे गेली होती, आणि जाताना मागं वळूनही बघत नव्हती. "लेकरू बिचारं ओरडून सांगत होतं," ती म्हणाली, "आणि आपण त्याच्या आईला बोल लावत होतो."

धाकट्यानं चमचा उचलून उजेडात धरला. बाकावरचा माणूस जागा झाला त्याच्यात. "बाबा, हा शिजवला होतात?"

सासऱ्यांनी समोरचं ताट पुढं सरकवलं.

"हा तुटलेली कवळी सांधायच्या रसायनाचा आहे. न शिजवता घट्ट होतं ते, पण आतलं कच्चं रसायन सुटत राहतं. बाबा?"

"बाकावरची शेगडी स्वयंपाकघरात होती," सासरे अखेर म्हणाले. "बाळाची भांडी उकळायला हिनं आणली होती. परत मागितली असती तर चार गोष्टी ऐकाव्या लागल्या असत्या. म्हटलं, एवढासा तर चमचा. आणि वाकेल म्हणून तिला उकळूही दिला नाही."

"भिजत तरी ठेवायचात! गिऱ्हाइकाची कवळी तुम्ही रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय हातात देत नाही."

"गिऱ्हाइकाची नाही देत," सासरे म्हणाले. "हा आनंदात दिला." आणि त्यांनी हात टेबलाखाली घेतले. त्या हातांना लपायला जागा हवी आहे हे ड्रायव्हरणीला कळलं.

थोरल्याला मात्र संधी दिसली. "तरी मी सांगत होतो! यंत्र घ्या, हा बाक मोडा. डोळे गेलेत, हात गेलेत..."

"भाऊजी," ड्रायव्हरीण म्हणाली, "माल नंतर विका."

तिनं वाटीतला बटाटा बोटाच्या टोकावर घेतला आणि बाळाच्या ओठांसमोर धरला, लावला नाही. गुंडीनं बोटाकडे बघितलं. मग आईच्या चेहऱ्याकडे, मग परत बोटाकडे. तिनं दोन्ही हातांनी ते बोट पकडलं आणि तोंडात ओढलं. चेहरा असा केला जणू कुणी भलताच प्रश्न विचारलाय. जीभ पुढं आली, निम्मं बाहेर आलं. निम्मं आत गेलं. आणि बोट परत ओढलं गेलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सासूबाई बाळाकडे बघत नव्हत्या, चमच्याकडे बघत होत्या.

ड्रायव्हरीण जिंकली होती. इतक्या दिवसांचे टोमणे, 'तुझं दूध', 'तुझं मन', 'तुझी गाडी', सगळं एका चाटण्यात फिटलं होतं. तिनं मान वर केली, सावकाश एकेकाकडे बघून घेण्यासाठी.

"बरोबर होतीस तू," थोरला म्हणाला. ह्या वेळी तो चिडवत नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पण मग एक सांग. तू सोडून ह्या घरात राहणाऱ्या कुणालाच चव कळली नाही. बाबांना नाही, आईला नाही, ह्याला नाही. उद्या दूध नासलं, गॅस उघडा राहिला, तर? तू सोमवारी गाडीवर गेलीस की पोर कुणाच्या भरवशावर?"

वळणावर गाडी घालावी आणि समोर रस्ताच नसावा, तसं झालं. आपण खरं ठरलो आणि खरं ठरता ठरताच आपली सोमवारची वाट आपल्या हातांनी खणून ठेवली. तिनं बाळाला उचललं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. चिडून जाणं तिला येत होतं. हे नुसतं जाणं होतं.

सासूबाई मागून आल्या. त्यांनी वाटी घासायला घेतली, स्वच्छ वाटी.

"किती दिवस, आई?" ड्रायव्हरणीनं विचारलं.

"काय किती दिवस?"

"चमचा तुम्ही ओठाला लावलाच नाहीत. मी बघितलं. लावून उपयोग नाही हे तुम्हाला माहीत होतं."

सासूबाईंनी वाटी परत नळाखाली धरली. "दिवस कसले? धाकटा पोटात होता तेव्हापासून येत नाही वास. हळूहळू गेला, मग गेलाच."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"बोलून काय? नवं नाक बसवून देणार होते? इथं फक्त दात बसवतात."

ड्रायव्हरणीला हसू फुटलं, रागातच. सासूबाई हसल्या नाहीत. वाटी उपडी ठेवून म्हणाल्या, "नासलेलं कळत नाही ना मला. म्हणून उकळते सगळं. लोकांना वाटतं, हिला चव नाही. वाटू दे. उकळलं की निदान भीती जाते. हिला दिलेला प्रत्येक घास दोन-दोनदा उकळला मी. आणि विष चमच्यात निघालं."

ड्रायव्हरीण इतके महिने ह्या बाईशी भांडत होती. प्रत्येक भांडणात तिला वाटायचं, ही बाई भिंत आहे. भिंत कुठली? आत एक घाबरलेली बाई सगळं झाकून, उकळून, गाळून जपत बसली होती, आणि एकटीनं जपण्यात तिचा आवाज कडक झाला होता. ह्या घरानं तिचं नाक खाल्लं, आणि घराला पत्ता नाही. राग आला तिला. पण राग आता दुसरीकडे निघाला होता.

तिनं मधलं दार धरून ओढलं. ते अर्ध्यात अडकलं.

"लागत नाही ते," बाकाच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला. ते कधी तिथं जाऊन बसले ते कळलंही नव्हतं. "माझ्या वडिलांनीही कधी लावलं नाही. काम दिसायला हवं म्हणायचे."

"काम दिसतंय, बाबा. आता लावायचं."

मग सासरे उठले, दाराची फुगलेली कड हातानं चाचपली, बरोबर जागा सापडल्यावर बोट तिथंच ठेवलं आणि हाक मारली, "धाकट्या! कानस आण. मोठी. इथून तासावं लागेल." धाकटा आला, दाखवलेल्या जागेवर त्यानं कानस टेकवली, आणि मागून अंगातला कोट काढून थोरलाही आला. यंत्र विकणारा माणूस दार धरून उभा राहिला. "जरा वर उचलून धर," सासरे त्याला म्हणाले, आणि त्यानं धरलं. बाहेरच्या बाजूची खिडकी कायम उघडी ठेवायची, पातळ रसायनाच्या बाटल्या तिकडे हलवायच्या, हे कुणी कुणाला न सांगता तिथंच ठरलं.

सोमवारचं मात्र ड्रायव्हरणीला तोंडानंच ठरवायचं होतं.

"सकाळी निघण्याआधी तिचं सगळं मी स्वतः वास घेऊन, चव घेऊन काढून ठेवेन," ती सासूबाईंना म्हणाली. "त्यातलंच द्यायचं. बोटानं द्या, नाहीतर तिच्या हातात द्या. गाल धरायचे नाहीत. थुंकली तर थुंकू दे. उरलेलं टाकून द्यायचं, परत उकळायचं नाही. आणि गॅस मी जाताना खालून बंद करून जाणार. तुम्हाला गरम लागलं तर इलेक्ट्रिकची शेगडी."

"आणि तुला यायला उशीर झाला?"

"तर वाट बघेल. रडेल."

"रडलेलं ऐकू येतं मला," सासूबाई म्हणाल्या. "कान आहेत शाबूत. तू जा तुझी गाडी घेऊन." मग नजर न मिळवता, "नाही गेलीस तर घरात बसून माझं डोकं खाशील."

दाराची कड घासली जात होती, खर्र, खर्र. बाळानं सासूबाईंकडे हात टाकला. त्यांनी तिला घेतलं, बटाट्यानं माखलेला हात पुसला नाही, आणि सवयीनं तिच्या टाळूवर नाक टेकवलं. तसंच ठेवलं थोडा वेळ. मग उचललं.

"एक विचारू? हसायचं नाही."

"नाही हसत."

"हिच्या डोक्याचा वास कसा येतो गं?"

ड्रायव्हरीण तोंड उघडून तशीच राहिली. कधी शब्द लावले नव्हते तिनं त्याला. जवळ गेली, सासूबाईंच्या खांद्याशी वाकून बाळाच्या टाळूत नाक घातलं.

"पहाटे पावाच्या भट्टीसमोरून गाडी नेताना येतो ना... पण लांबून. ऊबदार. त्याच्याखाली जरा आंबट, दूध सांडून वाळल्यासारखा. आणि घाम, पण मोठ्या माणसाचा नाही. उन्हातून काढून आणलेल्या सुती कपड्याचा असतो तसा." ती थांबली. "नीट सांगता येत नाही मला."

"येतंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते. "थोरल्याचा असाच होता. आठवतोय मला. धाकट्याचा कधी कळलाच नाही. असाच असेल, नाही?"

पलीकडे धाकटा कानस थांबवून दारावरची धूळ फुंकत होता.

"असाच असणार," ड्रायव्हरीण म्हणाली.

"परत सांग," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."

तिनं बाळाच्या टाळूवर पुन्हा नाक टेकलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली.